शीट हिरवी होती, तरी गाडी वळली नाही

आजचा एपिसोड गाडीच्या सस्पेन्शनबद्दल आहे. कम्फर्टबद्दल नाही, खड्ड्यांबद्दल नाही, फक्त वळणाबद्दल. गाडी वळणात रस्ता धरून का राहते आणि कधी सोडते. मध्येमध्ये आकडे येणार आहेत, म्हणून ज्यांचे ऐकताना आकडे निसटतात त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिहूनही ठेवलंय. आणि आत्ता घाटात गाडी चालवत ऐकत असाल तर प्लीज पॉज करा. का, ते लगेच कळेल.

जुलैतली गोष्ट. ताम्हिणी घाट, पुण्याहून माणगावकडे उतरत होतो. पाऊस, पण धो धो नाही. वेग चाळीस-पंचेचाळीस. शेजारी माझी मावसबहीण. एक डावीकडचं वळण आलं, मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळायला लागली, मधेच रस्त्यावर एक उंचवटा आला आणि गाडीचं नाक वळायचं थांबलं. स्टिअरिंग डावीकडे, गाडी सरळ. म्हणजे समोरच्या लेनमध्ये. समोरून टेम्पो. बहीण ओरडली, "दादा, वळव ना!" मी म्हणालो, "वळवलंय!" टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, एका सेकंदाने पुढच्या चाकांनी परत पकड घेतली आणि आम्ही आपल्या लेनमध्ये आलो. टेम्पोवाला काय म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं.

आता यातली खरी गंमत ऐका. दोन आठवड्यांपूर्वीच मी गाडीला लोअरिंग स्प्रिंगा बसवल्या होत्या. ४० मिलिमीटर खाली. कशासाठी? "गाडी कॉर्नरिंगला भारी होते" म्हणून. वर कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंट करून घेतलं होतं. ती प्रिंट ग्लव्हबॉक्समध्ये होती. सगळे चौकोन हिरवे. कॅम्बर हिरवा, कॅस्टर हिरवा, टो हिरवा. आमच्या धंद्यात याला म्हणतात, सगळ्या टेस्ट पास, आणि प्रोडक्शन पडलेलं.

टायर नवे होते. पाऊस म्हणाल तर मागच्या पावसाळ्यात याच वळणावरून, याच वेगाने, कंपनीच्या स्प्रिंगांवर मी आरामात गेलो होतो. मग बदललं काय? पुढचे दोन महिने माझे वीकेंड यातच गेले, आणि जे हाती लागलं ते एका वाक्यात सांगायचं तर असं: अलाइनमेंटची शीट उभ्या गाडीची असते, आणि वळण उभी गाडी घेत नाही.

हे नीट समजायला आधी वळणात किती जोर लागतो ते बघू. ३० मीटर त्रिज्येचं वळण धरा, घाटात अशी भरपूर असतात. ४० च्या वेगाने गेलात तर गाडीवर बाजूने साधारण ०.४२ जी एवढं त्वरण येतं. तेच ५० च्या वेगाने ०.६६ जी. वेग फक्त दहाने वाढला, पण मागणी दीडपटीच्या वर गेली, कारण वेगाचा वर्ग होतो. कोरड्या रस्त्यावर चांगला टायर एवढं देतो. ओल्या, गुळगुळीत झालेल्या डांबरावर देईलच असं नाही. म्हणजे माझ्याकडे मुळातच फार शिल्लक नव्हती.

दुसरी गोष्ट, वजन. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती? हे गणित सोपं आहे. गाडीचं वजन गुणिले बाजूचं त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर. माणसांसकट ११०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर उंचीवर, चाकांत १४८० मिलिमीटर अंतर आणि ०.४२ जी. उत्तर येतं साधारण १७० किलो. म्हणजे सरळ चालताना दोन्ही बाजूंना ५५०-५५० किलो, आणि वळणात बाहेर ७२०, आत ३८०.

बरं, गेलं वजन तर गेलं, बेरीज तीच राहते ना? बेरीज तीच राहते, पण पकड तीच राहत नाही. टायरवर दुप्पट वजन टाकलं की दुप्पट पकड मिळत नाही, थोडी कमी मिळते. दोन माणसांनी पन्नास-पन्नास किलो उचलून जिना चढणं आणि एकाने नव्वद, दुसऱ्याने दहा उचलणं यात जो फरक, तोच. एकूण ओझं सारखंच, पण नव्वदवाला लवकर दमतो. म्हणून वजन जितकं कमी सरकेल तितकी त्या जोडीची पकड जास्त.

आता या सूत्रात स्प्रिंग कुठे दिसली का? नाही. गाडी किती झुकते हेही त्यात नाही. कडक स्प्रिंग लावली की गाडी कमी झुकते, पण एकूण सरकणारं वजन जवळपास तेवढंच राहतं. हे मला बीटेकला असताना कोणी सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते. खरं तर सांगितलंही असेल, मी शेवटच्या बाकावर होतो. माझ्या स्प्रिंगांनी सूत्रातली एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. ५५० ची साधारण ५१० झाली. १७० किलोचे झाले १५९-१६०. म्हणजे त्या सगळ्या उपद्व्यापातून, स्प्रिंगांचे पैसे, मजुरी आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर घासणारं पोट हे सगळं सोसून, माझी कमाई दहा-बारा किलो. ती खरी आहे, मी नाकारत नाही. पण बदल्यात काय गेलं ते बघा.

बाईक चालवणाऱ्यांना पुढचा मुद्दा पटकन कळेल. बाईक वळणात आत झुकते आणि तिचा टायर गोल असतो, त्यामुळे झुकल्यावरही रस्त्याला व्यवस्थित टेकतो. गाडीचं सगळं उलटं. गाडी वळणात बाहेर झुकते आणि टायर पाटासारखा सपाट. पाट तिरका ठेवला की एका कडेवरच उभा राहतो ना, तसंच. आणि हा पाट केवढा? तुमच्या तळहाताएवढा. ११०० किलो चार तळहातांवर, आणि वळणात त्यातला सगळ्यात जास्त भार पुढच्या बाहेरच्या एका तळहातावर.

चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात, बाहेर झुकलेला असेल तर पॉझिटिव्ह. समजा माझी गाडी त्या वळणात ३ अंश झुकते. सस्पेन्शनने काहीच केलं नाही तर बाहेरचं चाकही गाडीबरोबर ३ अंश बाहेर झुकेल, पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरच्या कडेवर उभं राहील. म्हणून चांगलं सस्पेन्शन काय करतं, तर चाक वर दाबलं गेलं की त्याला थोडं आत झुकवतं. गाडी बाहेर, चाक आत, आणि टायर जमेल तितका रस्त्याला सपाट. सस्पेन्शन जॉमेट्री म्हणजे मुख्यतः हाच खटाटोप: दांड्यांची लांबी आणि कोन असे ठेवायचे की चाक वर-खाली होताना आपोआप हवं तसं झुकेल आणि नको तेव्हा वळणार नाही.

आपल्या बहुतेक हॅचबॅकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर, आधी जनरल मोटर्समध्ये, मग फोर्डमध्ये. १९५० च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सल गाडीत ही रचना आली. खाली एक लोअर आर्म, आणि शॉकअप हाच वरचा आधार. वरचा वेगळा आर्म नाही. स्वस्त, हलकी, आणि इंजिन आडवं बसवायला जागा मोकळी. हुशार रचना आहे, पण एक मर्यादा आहे. लोअर आर्मचं चाकाकडचं टोक थोडं खाली झुकलेलं असतं तोवर चाक दाबलं की छान आत झुकतं. ते टोक जसजसं वर जातं तसतसं हे झुकणं कमी होत जातं. आर्म आणि स्ट्रट यांच्यात काटकोन झाला की संपलं, आणि त्याच्याही पुढे गेलात तर चाक उलट बाहेर झुकायला लागतं.

गाडी खाली आणली म्हणजे नेमकं काय केलं? हे टोक कायमचं वर नेऊन ठेवलं.

मी गाडीखाली झोपून मापं घेतली. आर्मची लांबी, दोन्ही टोकांची उंची, स्ट्रटचा कोन, वरच्या माउंटची जागा. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. फार काही नाही हो, चार बिंदू आणि दोन रेषा, दहावीची भूमिती. कंपनीच्या उंचीवर आर्मचं टोक ३ अंश खाली होतं, आणि चाक २५ मिलिमीटर दाबलं की ०.६ अंश आत झुकत होतं. लोअरिंगनंतर टोक जवळपास ४ अंश वर, आणि त्याच २५ मिलिमीटरला झुकणं ०.३५ वर आलं. जवळपास अर्धं.

पण मला खरा धक्का बसला तो रोल सेंटरने. रोल सेंटर म्हणजे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो. बिजागरी समजा. गुरुत्वमध्य त्या बिजागरीपासून जितका उंच, तितकी झुकवणारी दांडी लांब. माझा गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर खाली आला. पुढचं रोल सेंटर किती खाली आलं? ११० मिलिमीटर. आधी ते रस्त्यापासून १०० मिलिमीटर वर होतं, नंतर रस्त्याच्याही थोडं खाली गेलं. दांडी ४५० ची ५२० झाली. म्हणजे गाडी खाली आणली आणि तिला झुकवणारा जोर पुढच्या बाजूला १५ टक्क्यांनी वाढला. नव्या स्प्रिंगा थोड्या कडक होत्या, पण तो कडकपणा ही भरपाई करण्यातच खर्च झाला. गाडी आधीही ३ अंश झुकत होती, नंतरही ३.

आता बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर तो फोमचा किंवा रबराचा तुकडा असतो ना, तो. सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. माझ्या गाडीत बंप स्टॉप टेकेपर्यंत आधी ७५ मिलिमीटर मोकळी हालचाल होती. लोअरिंगनंतर ३५. आणि ३ अंश झुकलं की बाहेरचं चाक किती दाबलं जातं? गाडीच्या अर्ध्या रुंदीचा हिशोब केला तर जवळपास ३९ मिलिमीटर. बघा, गणित संपलं. मी त्या वळणात शिरलो तेव्हाच उजवं पुढचं चाक बंप स्टॉपवर टेकलेलं होतं. वर उंचवटा आला. बंप स्टॉप टेकला की स्प्रिंग अचानक कितीतरी पटीने कडक झाल्यासारखी होते, पुढच्या दोन चाकांत सरकणारं वजन एकदम वाढतं, नव्वदवाल्या माणसावर आणखी ओझं, आणि पुढची पकड सुटते. "वळवलंय!" असं मी ओरडलो ते याच अर्ध्या सेकंदात.

आणखी एक भानगड होती, बंप स्टिअर. टाय रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या चापावर फिरायला लागले की चाक वर जाताना स्वतःहून थोडं वळतं, स्टिअरिंगला हात न लावता. मित्राच्या गॅरेजमध्ये स्प्रिंग काढून, हबखाली जॅक लावून आम्ही मोजलं. ४० मिलिमीटर दाबाला चाक ०.४ अंश बाहेर वळत होतं. कंपनीच्या उंचीवर हाच आकडा नगण्य होता. बाहेरचं चाक बाहेर वळणं म्हणजे मी जितकं वळवतोय त्यातलं थोडं गाडीनेच परत घेणं.

आता त्या हिरव्या शीटकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा गाढवपणा तिथे आहे आणि तो माझाच आहे. गाडी खाली आल्यावर उभ्या गाडीचा कॅम्बर आपोआप उणे ०.५ वरून उणे १.३ झाला होता. म्हणजे जॉमेट्रीचं एवढं नुकसान होऊनही एक गोष्ट फुकटात चांगली झाली होती: वळणात ३ अंश झुकूनही चाक फक्त १.२ अंश बाहेर राहिलं असतं. आधी, कंपनीच्या स्प्रिंगांवर, ते १.६ च्या आसपास असायचं. पण मशीनवर उणे १.३ चा चौकोन लाल आला. अलाइनमेंटवाला भला माणूस, म्हणाला, "सर, कंपनीच्या रेंजच्या बाहेर आहे, काय करू?" मी म्हणालो, "सगळं हिरवं करून द्या." त्याने कॅम्बर बोल्ट घातले आणि उणे ०.४ वर आणून ठेवलं. हिरवं. वळणात मग चाक दोन अंशांहून जास्त बाहेर. जी एकच गोष्ट सुधारली होती ती मी पैसे देऊन काढून टाकली.

इथे थोडं विषयांतर, पण जवळचंच. चाक वळणात भलतीकडे झुकलं तर काय होतं याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९६० ची शेव्हरोले कॉर्व्हेअर. इंजिन मागे, आणि मागच्या बाजूला स्विंग अ‍ॅक्सल. म्हणजे प्रत्येक चाकाचा अ‍ॅक्सल फक्त डिफरन्शियलपाशी बिजागरीने जोडलेला, दाराच्या फळीसारखा. चाक वर-खाली झालं की कॅम्बर भयानक बदलतो. जोरात वळण घेतलं की मागचा भाग उचलला जायचा, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडल्यासारखं आत जायचं, आणि गाडी मागून घसरायची. १९६५ साली राल्फ नेडर यांनी ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकात पहिलंच प्रकरण तिच्यावर लिहिलं. गंमत म्हणजे कंपनीने १९६४ च्या मॉडेलमध्ये मागे आडवी पट्टीची स्प्रिंग आणि पुढे अँटी-रोल बार दिला होता, आणि १९६५ ला मागचं सस्पेन्शनच नवं आणलं. पुस्तक गाजेपर्यंत दुरुस्ती झाली होती. नंतर १९७२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी तपासणीने असंही म्हटलं की ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा उलटण्याच्या बाबतीत वाईट नव्हती. म्हणजे तिला एकटीला व्हिलन करणं बरोबर नाही.

पण मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. सुरुवातीच्या कॉर्व्हेअरला कंपनीने टायरची हवा सांगितली होती पुढे १५ पीएसआय, मागे २६. एवढा फरक. पुढची पकड मुद्दाम कमी करून मागची सांभाळायची. आणि पेट्रोल पंपावर हवा भरणारे? चारही चाकांना सारखी. जॉमेट्रीची चूक हवेवर झाकली होती, आणि ती हवा रोजच्या माणसाच्या हातात होती. आपणही पंपावर काच खाली करून "सगळीकडे पस्तीस" म्हणतो. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, एकदा वाचा.

बरं, मग मी केलं काय? स्प्रिंगा काढल्या. कंपनीच्या परत बसवल्या. गॅरेजवाला हसला, मीही हसलो, काय करणार. बंप स्टॉप आणि लोअर आर्मचे बुश नवे टाकले. बुशबद्दल थांबून सांगतो, कारण आपल्या रस्त्यांवर हे सगळ्यात आधी बघायला हवं. बुश चिरलेला असेल तर ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो, चाकाची दिशा बदलते, आणि मग शीटवरचा कुठलाही आकडा खोटा. छोट्या पहारीने आर्म हलवून बघायचा, दोन मिनिटांचं काम. बुश खराब असताना अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या टेबलावर वजनकाटा ठेवणं.

कॅम्बर बोल्ट मात्र ठेवले. हा एक्सेंट्रिक बोल्ट असतो, पोट एका बाजूला फुगलेलं, फिरवला की चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर सरकतो. यावेळी उलट्या दिशेने फिरवून उणे १.१ केला, दोन्ही बाजूंना सारखा. कंपनीच्या उंचीवर झुकण्याची भरपाई चांगली मिळतेच, वर हा अर्धा अंश जास्त. वळणात बाहेरचं चाक आता १ अंशाच्या आसपास बाहेर. शून्य नाही, पण मी रेस करत नाही. रेसवाले उणे ३ वगैरे ठेवतात, ते रस्त्यावर करू नका. सरळ चालताना टायर आतल्या कडेवर चालतो, ब्रेकिंगची पकड कमी होते.

कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी कॅम्बर, मग टो. अनेकदा उलटं केलं जातं, किंवा कॅम्बर फिरवून तसंच सोडून देतात. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची बोटं आत की बाहेर. "गाडी टायर खातेय" म्हणतो ना आपण, आणि बिल कॅम्बरच्या नावावर फाडतो, त्यात बहुतेक वेळा खरा चोर टो असतो. हिशोब करा. चाक पाव अंश तिरकं असेल तर प्रत्येक किलोमीटरला ते साधारण ४.४ मीटर आडवं घासलं जातं. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरा. टायरला साडेसहाशे मीटर फरपटत नेल्यासारखं. पुढचा टो मी शून्यावर ठेवला. थोडा बाहेर ठेवला तर गाडी वळणात पटकन शिरते, पण हायवेवर भिरभिरते, आणि माझा ऐंशी टक्के प्रवास हायवेवर आहे.

मागे टॉर्शन बीम आहे, तिथे फिरवायला बोल्टच नाही. पण मोजायचं जरूर. मागचा टो डावीकडे एक आणि उजवीकडे भलताच आला तर बीम वाकलाय, आणि मग गाडी एका बाजूच्या वळणात वेगळी वागते, दुसऱ्या बाजूला वेगळी.

कॅस्टर पटकन सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, तोच कोन. त्याच्यामुळे स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, आणि चाक वळवल्यावर बाहेरच्या चाकाला थोडा आतला झुकाव मिळतो, म्हणजे फुकटचा कॅम्बर, फक्त वळणात. उत्तम चीज, पण साध्या मॅकफर्सनमध्ये तो सहसा बदलता येत नाही. शीटवर डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये ठळक फरक दिसला तर मात्र कुठल्या तरी खड्ड्याने काहीतरी वाकवलंय. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

आणि जाड अँटी-रोल बार? पुढे जाड बार लावला की गाडी कमी झुकते, छान वाटतं, पण सरकणाऱ्या वजनातला जास्त वाटा पुढची चाकं उचलतात. ज्या गाडीचं नाक आधीच वळत नाही तिला हे औषध सहसा उलटं पडतं. मागे लावला तर नाक वळतं, पण पावसात मागचा भाग घसरू शकतो. घाटात मला नाकाने घसरलेलं परवडेल, शेपटीने नाही.

आता घरच्या घरी मोजण्याबद्दल. कॅम्बरला गवंड्याचा ओळंबा पुरतो. खरंच. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, ओळंबा रिमच्या समोर सोडा, रिमच्या वरच्या कडेपर्यंतचं आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर फुटपट्टीने मोजा. दोन कडांत ३८० मिलिमीटर असतील तर १ अंशाला फरक ६.६ मिलिमीटर. टो साठी गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर मासे पकडायची तंगूस ताणा, स्टुलांना बांधून. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर हव्यात, सगळा वेळ यातच जातो. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर. १ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण ०.१५ अंश. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे ढकला आणि बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं होऊन जागेवर बसतं. पहिल्यांदा चार तास लागतील, वॉचमन काका येऊन विचारतील, "काय हरवलं का?"

आणि टायर वळणात कुठपर्यंत झुकला हे बघायला खडू. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, नक्षी संपते तिथून खालच्या भिंतीपर्यंत, तीन-चार ठिकाणी खडूच्या रेघा ओढा. मोकळ्या जागेत दोन-चार वळणं घ्या आणि बघा खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. भिंतीवरचाही पुसला गेला असेल तर टायर लोळतोय: हवा कमी किंवा कॅम्बर कमी. कोविडमधली कपाळावर धरायची थर्मामीटर गन मी टायरवर धरून बघितली होती, ती माणसाच्या तापापलीकडचं सांगत नाही. हसू नका.

मोकळ्या जागेत, म्हणालो. घाटात नाही. कोइम्बतूरची कारी, चेन्नईजवळचा ट्रॅक, किंवा एखादी ऑटोक्रॉस, जिथे समोरून टेम्पो येत नाही. आणि कायद्याचंही सांगतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. स्प्रिंगा बदलायच्या आधी आरटीओ आणि विमा दोन्हीकडे विचारा. मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी टेम्पोला धडकलो असतो तर क्लेमवाल्याने पहिला फोटो स्प्रिंगांचाच काढला असता.

ऑक्टोबरमध्ये परत गेलो ताम्हिणीला, कोरड्यात, आणि नंतर एकदा अवकाळी पावसात. तेच वळण, तोच उंचवटा, वेग चाळीस. उंचवट्यावर गाडी उठली, बसली आणि वळत राहिली. बस, एवढंच झालं. बहीण मोबाइल बघत होती, तिला कळलंही नाही.

परवा पुन्हा अलाइनमेंट तपासून घेतलं. तोच माणूस, तीच मशीन. प्रिंट माझ्या हातात देताना म्हणाला, "सर, पुढचे दोन्ही कॅम्बर लाल आहेत हां. हिरवे करू का?"

नको म्हणालो. शीट ग्लव्हबॉक्समध्ये आहे.

तुमच्यापैकी कोणी ओळंब्याने कॅम्बर मोजलात तर गाडीचं मॉडेल आणि दोन्ही बाजूंचे आकडे व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ते घेऊन बसू. पुढच्या वेळी ब्रेकबद्दल बोलायचंय. चला, भेटू.